गुऱ्हाळावर आणि दूध संस्थेत कामकाज-व्यवस्थापन कसे शिकवावे

बीकॉम किंवा बीबीएच्या वर्गात उत्पादन, साठा, क्षमता आणि गुणवत्ता हे विषय शिकवताना मोटारींच्या कारखान्याचे उदाहरण देण्याची पद्धत आहे, आणि तो कारखाना वर्गातल्या बहुतेक मुलांनी कधी पाहिलेला नसतो. कोल्हापूरच्या शिक्षकाला इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. त्याच्या वर्गात सकाळी दूध संस्थेत किटली रिकामी करून आलेली मुले असतात, शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीला जाणाऱ्यांची मुले असतात आणि घरचा ऊस गुऱ्हाळाला जाणारीही असतात. या व्यवसायांवर नीट आखलेला प्रकल्प घेतला आणि त्याची मांडणी गोष्टीच्या रूपात करून घेतली, तर विषय मुलांच्या हाती येतो, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात व्यवसायाच्या निवडीपासून करावी. कच्च्या मालापासून विक्रीपर्यंतचे सगळे टप्पे मुलांना एक-दोन दिवसांत डोळ्यांनी पाहता येतील असाच व्यवसाय घ्यावा. फाउंड्रीत सुरक्षिततेचे प्रश्न असतात आणि एका भेटीत एखादाच विभाग पाहायला मिळतो, म्हणून ती पहिल्या प्रकल्पाला घेऊ नये. कोल्हापुरी चप्पल, जिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती चांगली आहे. मात्र कातडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतची कामे वेगवेगळ्या घरांत आणि वेगवेगळ्या गावांत होत असल्यामुळे साखळी जोडायला वेळ लागतो. पहिल्या वर्षासाठी गुऱ्हाळ सर्वांत सोयीचे. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात, आणि पहिले सत्र संपण्याआधी मुलांना चालू गुऱ्हाळ पाहता येते.

भेटीच्या दिवशी मुलांना सरसकट माहिती गोळा करायला सांगू नये. एका गटाला एकच आधण, म्हणजे काहिलीत (रस शिजवण्याच्या मोठ्या कढईत) एका वेळी शिजणारा रस, द्यावे आणि ऊस घाण्यात गेल्यापासून रवा (गुळाची ढेप) तयार होईपर्यंत त्या आधणाचा पाठलाग करायला लावावा. कुठे काम चालू होते आणि कुठे माल नुसता थांबला होता, हे घड्याळ लावून लिहून घ्यावे. रस उकळू लागला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी बांधते का ते पाहतो. आणि त्याच्या एका शब्दावर चुलव्या, म्हणजे जाळ सांभाळणारा, चुलवाणातला जाळ कमी करतो. त्या क्षणी पाकाचे तापमान मोजले तर ते 118 अंश सेल्सिअसच्या आसपास भरते. थर्मामीटर न वापरता इतकी नेमकी गुणवत्ता-तपासणी होते, हे मुलांनी स्वतः मोजून पाहिले की त्या माणसाविषयीचा आदर आणि विषयाची समज एकदमच वाढते.

पुढचा धडा आकड्यांतून काढावा. समजा, एका आधणाला पुरेल इतका रस घाणा तासाभरात काढतो आणि तो शिजायला तीन तास लागतात. मग दुसरा घाणा बसवून गूळ वाढेल का, असे विचारावे. बहुतेक मुले हो म्हणतील. त्यांना वहीतल्या नोंदी पुन्हा वाचायला लावाव्यात. अडते काहिलीपाशी, आणि यालाच पुस्तकात बॉटलनेक म्हणतात. ऊसतोडही काहिलीच्या गतीनेच व्हायला हवी, कारण तोडलेला ऊस पडून राहिला तर त्यातली साखर मोडते आणि रवा घट्ट बसत नाही. साठा जास्त झाला की नुकसान का होते, हे यापेक्षा स्पष्ट करून दाखवणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता गोष्टीकडे वळावे. गोष्ट निर्णयाच्या क्षणी सुरू झाली पाहिजे: आधण अर्धे शिजले आहे, पुढच्या आधणाचा ऊस तोडून पडला आहे आणि वीज गेली आहे. शिक्षकाने इथपर्यंत वाचून थांबावे. डिझेल इंजिन भाड्याने आणावे, तोडणी थांबवावी की मजुरांना घरी पाठवावे, हे प्रत्येक गटाने खर्च मांडून ठरवावे. मालकाने प्रत्यक्षात काय केले ते त्यानंतरच सांगावे. प्रत्येक प्रसंगात वेळ, वजन आणि पैसा यांपैकी किमान एक आकडा हवाच, नाहीतर गोष्ट नुसत्या कौतुकाची होते. माणसांची नावे बदलावीत, आणि भाव किंवा उसनवारीची माहिती विचारून, परवानगी असेल तरच लिहावी.

रोखीचा प्रवाह शिकवायला मात्र दूध संस्थाच घ्यावी. 1963 मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाशी, म्हणजे गोकुळशी, जोडलेल्या गावातल्या संस्थेत दूध रोज दोन वेळा घातले जाते, दर फॅट आणि एसएनएफवर (दुधातल्या फॅट सोडून इतर घन पदार्थांवर) ठरतो आणि बिल दहा दिवसांनी निघते. वैरण रोज लागते, पशुखाद्याची रक्कम मात्र बिलातून कापली जाते. एखाद्या घराने हिशेब दाखवायला संमती दिली, तर एका बिलाचा जमाखर्च तारीखवार मांडून खेळते भांडवल कुठे अडकते ते मुलांनी शोधावे. म्हैस आटलेल्या काळातले बिल मिळाले तर अधिकच चांगले.

व्यवसायाने मुलांना वेळ दिलेला असतो, तेव्हा त्याला वापरता येईल अशी एक वस्तू परत द्यावी: आधणाच्या नोंदीचा एक पानी तक्ता किंवा तोडणी आणि शिजवणीचा मेळ घालणारे वेळापत्रक पुरेसे आहे. अहवाल मराठीत, दोन-तीन पानांत लिहून घ्यावा आणि गुण देण्याआधी तो गुऱ्हाळावरच गुळव्या, चुलव्या आणि मालक यांच्यासमोर वाचून दाखवावा. ते जिथे हरकत घेतील तिथे मुलांनी पुन्हा नोंद तपासावी, आणि दुरुस्तीनंतरच्या मसुद्यालाच गुण द्यावेत.