साइटवरचा गाळ आणि मे महिन्यातला नकाशा

सिव्हिलची पदवी घेऊन साइटवर आलेल्या पोरांना ‘माती वाहून जाऊ नये याचा आराखडा कर’ म्हटलं, की ती आधी गाळ अडवणाऱ्या कापडी कुंपणाचे दर मागवतात. ते शेवटचं काम. माती जागची हलू न देणं हे पहिलं. सुटलेली माती अडवणं केव्हाही महागच पडतं.

नाशिकमध्ये पांडवलेणीच्या बाजूला किंवा म्हसरूळ-मखमलाबादकडे उताराची साइट असेल तर खरी लढाई मे महिन्यातच होते. पोकलेन भाड्याने आलेलं असतं, ते बसून राहू नये म्हणून कंत्राटदाराला अख्खा प्लॉट एकदम उघडायचा असतो. तिथे अडून बसायचं. मृगाच्या आत जेवढ्या भागाचा भराव दाबून होईल तेवढाच उघडा, बाकीचं गवत राहू द्या. नुसतं बोलून कोणी ऐकत नाही, म्हणून आकडा दाखवा: एक हेक्टर उघड्या जमिनीवर तासभर 50 मिमीच्या वेगाने पाऊस झाला आणि त्यातलं 60 टक्के वाहिलं, तरी 300 घनमीटर पाणी होतं. चांगलं गवत असेल तर याच्या निम्म्यावरही येऊ शकतं.

मग कॉन्टूरचा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा, नकाशा घेऊन चालत फिरा. आपल्या हद्दीच्या वरून पाणी कुठून घुसतं ते बघा आणि ते चर काढून बाजूने वळवा. परक्याचं स्वच्छ पाणी आपल्या चिखलात कशाला घ्यायचं? शेवटी पाणी कुठल्या नाल्यात जातं तेही नकाशावर हवं. शहरात ते बहुधा नासर्डी किंवा वाघाडीतून गोदावरीलाच मिळतं.

आता माती. पाण्याच्या बाटलीत साइटवरची मूठभर माती टाकून हलवा आणि टेबलावर ठेवा. मुरमाचे खडे, वाळू लगेच खाली बसतात. काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं. त्यातला दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरचा पाचशेवा भाग) कण स्थिर पाण्यात 10 सेंमी खाली जायलाच आठेक तास घेतो. त्यामुळे काळ्या मातीच्या साइटवर नुसता गाळखड्डा खणून भागत नाही. गढूळपणा खाली बसवायला तुरटीसारखं काही वापरावं लागतं, तेही आधी बाटलीत मात्रा ठरवून आणि सामू (पीएच) तपासून. मला विचाराल तर ती जमीन झाकणंच स्वस्त: पेंढा, काथ्याची जाळी, कडेला वाळा.

कापडी कुंपण समपातळीवर धरा, तळ 15 सेंमी मातीत गाडा, दोन्ही टोकं चढाकडे वळवा. 30 मीटर कुंपणामागे साधारण 10 गुंठ्यांपेक्षा जास्त क्षेत्र नको. वाहत्या नाल्यात ते आडवं कधीच लावू नका, पहिल्याच सरीत कोसळतं. चरात दगडी बांध घाला, मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवून. नाहीतर पाणी कडा पोखरून बाजूने निघून जातं. गेटवर मोठ्या खडीचा पट्टा टाका, म्हणजे डंपरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर येणार नाही.

वाचायचं तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:56 या मार्गदर्शिकेपासून सुरू करा, ते उतारांच्या धूप-संरक्षणावरच आहे. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीच्या अटी टेंडर भरायच्या आधी वाचा. आणि गाळ काढण्याचा आयटम अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्या. कुंपण एक तृतीयांश उंचीपर्यंत भरलं की गाळ काढावाच लागतो, आणि तेव्हा जेसीबी कोणाच्या बिलात लावायचा यावरून भर पावसात भांडणं होतात.