कार्यकर्त्यावरचा विश्वास डळमळला, तर आधी निवेदनाचा शेवटचा परिच्छेद वाचा

ज्याच्या सभेसाठी सतरंज्या टाकल्या, वर्गणी गोळा केली, त्यानेच दुसऱ्याचं व्याख्यान रद्द करा म्हणून निवेदन दिल्याचं कानावर येतं आणि मन विटतं. सातारा-सांगलीकडे हे जास्त लागतं. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, पुण्यात जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. बोलण्यापायी इथल्या माणसांनी काय सोसलं ते ठाऊक असताना चळवळीतलाच माणूस दुसऱ्याचं तोंड बंद करायला निघाला, तर ते पचत नाही.

तरी ऐकीव गोष्टीवरून कुणाची साथ सोडू नका. कागद मिळवा.

निवेदनाचा फोटो बहुधा त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फिरतो, पण त्यात बरेचदा फक्त शिक्का आणि सह्या दिसतात. पूर्ण प्रत मागा. मिळाली नाही तर ज्या कार्यालयात ते दिलं, तिथे (नगरपालिका, तहसील, पोलीस ठाणे) माहितीच्या अधिकारात अर्ज करा. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘असं निवेदन का घेतलं?’ असं विचारलं की अर्ज फेटाळला जातो. ‘अमुक तारखेच्या निवेदनाची व त्यावरील कार्यवाहीची छायांकित प्रत’ एवढंच मागा. गुन्हा नोंदला असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून एफआयआर शोधता येतो. संवेदनशील एफआयआर तिथे टाकत नाहीत, म्हणून तो दिसला नाही तर गुन्हाच नाही असं धरू नका. आणि ‘तक्रार दिली’ म्हणजे ‘गुन्हा दाखल झाला’ नव्हे.

आता शेवटचा परिच्छेद. वरची दोन पानं भावनांची असतात, मागणी तळाशी असते. ‘आम्ही निषेध करतो’, ‘जाहीर चर्चेला यावे’, ‘बहिष्कार टाकावा’ हे सगळं बोलणंच आहे. काळे झेंडेही बोलणंच. ‘परवानगी रद्द करावी’ इथे गोष्ट बदलते. आणि त्याखाली ‘अन्यथा होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील’ असं असेल, तर ते वाक्य दोनदा वाचा. नेहमीच्या साच्यातलं आहे म्हणून आपण त्यावरून डोळे फिरवतो, पण तीच खरी धमकी असते: गोंधळ आम्ही घालू, दोष तुमचा. निदर्शनांच्या धमकीपुढे नमून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. मागणीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं) दिसलं, तर ते २०१५ मध्येच रद्द झालं आहे.

इथे एक चूक हमखास होते. कुणी जातिवाचक शिवीगाळीविरुद्ध ॲट्रॉसिटीची तक्रार दिली, किंवा ‘यांना ठोका’ म्हणणाऱ्या भाषणाविरुद्ध पोलिसांत गेलं, तर त्याला गळचेपी म्हणू नका. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये गुन्ह्याला चिथावणी आणि बदनामी हे अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे अपवाद आहेतच. ‘भावना दुखावल्या’ एवढंच कारण मात्र त्या यादीत नाही.

कागद वाचून झाल्यावर त्या माणसाशी बोला, शक्यतो घरी जाऊन, गटात नव्हे. दोनच प्रश्न पुरेत: ‘दादा, ही सही तुमचीच का?’ आणि ‘उद्या हेच निवेदन तुमच्या सभेविरुद्ध आलं तर?’ पंधरा दिवस वाट पाहा. रागात एकदा केलेली सही मागे घेता येते. दोन-तीन वेळा तेच घडलं असेल, आणि दर वेळी समोर विरोधकच असेल, तर ती सवय आहे.

मग बाजूला व्हा, लेखी. दरमहा देणगी जात असेल तर यूपीआय ऑटोपे किंवा बँकेचा मँडेट स्वतः रद्द करा. संस्थेला नुसतं कळवून तो थांबत नाही. विश्वस्त असाल तर राजीनाम्याची पोच घ्या, तो मंजूर झाल्याच्या ठरावाची प्रत घ्या, आणि ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा) गेला का ते पाहा. तो गेला नाही तर नोंदीत नाव तुमचंच राहतं आणि नोटिसाही तुम्हालाच येतात. कारण एका वाक्यात लिहा: अमुक तारखेचं निवेदन, त्यातली अमुक मागणी मान्य नाही. ‘विकला गेला’, ‘सुपारी घेतली’ असलं काही लिहू नका. पुरावा नसतो, आणि बदनामीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. जुने खासगी मेसेज तर अजिबात बाहेर काढू नका.

काम सोडू नका. माण-खटावचं पाणी, जतचा दुष्काळ हे एका माणसाचे प्रश्न नव्हेत. उद्या त्याच कार्यकर्त्यावर भाषणासाठी गुन्हा लागला, तर निषेधाच्या पत्रकावर सही करा, आणि तुमचे मतभेद त्या पत्रकात घालू नका. मतभेदांसाठी वेगळा कागद घ्या.