कोसला पहिल्यांदा वाचताय? मग असं वाचा

एमएला कोसला लागलीय आणि वीसेक पानांतच डोकं भणभणायला लागलंय, असं असेल तर लगेच पुस्तक मिटू नका. भालचंद्र नेमाडेंची ही कादंबरी आली १९६३ ला, तेव्हा ते स्वतः पंचविशीचे आणि बोलणारा पांडुरंग सांगवीकर पण पंचविशीचाच, त्यामुळे 'अभिजात' वगैरे म्हणून हात जोडून वाचायला बसलात की गाडी अडलीच म्हणून समजा.

पहिलं म्हणजे पुढे काय होणार हे शोधणं सोडा. खानदेशातल्या सांगवीचा खात्यापित्या घरचा पोरगा पुण्याला कॉलेजला येतो, होस्टेलवर राहतो, मेसचा सेक्रेटरी होऊन पैशांचा घोळ होतो, परीक्षेत आपटतो, गावी परत जातो. झाली स्टोरी. सांगून टाकली तरी काही बिघडत नाही, कारण मजा सगळी त्याच्या बोलण्यात आहे.

म्हणून सुरुवातीची पानं चक्क मोठ्याने वाचा, रूममेट वैतागला तरी चालेल. हा माणूस पहिल्याच वाक्यात स्वतःचं वय सांगतानाही 'उदाहरणार्थ' लावतो, नुसतं डोळ्यांनी वाचलं तर ते खटकतं आणि आपण अडखळतो, पण तोंडाने म्हटलं की लगेच कळतं, अरे हा तर गंभीर चेहऱ्याने बोलणाऱ्या सगळ्यांचीच खेचतोय, स्वतःची पण. एकदा तो सूर सापडला की पानं पळतात. डायरीचा भाग बसमध्ये तुकड्यातुकड्याने वाचला तरी चालतो.

धाकट्या बहिणीचा, मनीचा, भाग मात्र दोन लेक्चरच्या मधे उरकू नका. एकटे असताना एका बैठकीत वाचा. इतका वेळ टवाळी करणारा माणूस तिथे अक्षरशः फुटतो आणि आधीची सगळी टिंगल वेगळीच दिसायला लागते. मला विचाराल तर अख्खी कादंबरी या पानांवर उभी आहे.

गाइड आणि 'अस्तित्ववाद' (आयुष्याला आयता अर्थ नसतो म्हणणारं तत्त्वज्ञान, समीक्षक कोसलाला लावतात ते) शेवटी. आधी पेन्सिलने समासात खुणा करा, कुठे हसलात, कुठे कंटाळलात, कुठे पांडुरंगाचा राग आला (येतोच, बापाच्या पैशावर किती उडतो तो!), परीक्षेत उत्तर लिहिताना याच खुणा कामाला येतात.

आणि आवडली म्हणून लगेच नेमाडेंची २०१० ची जाडजूड कादंबरी 'हिंदू' उचलू नका, आधी त्यांचीच 'बिढार' घ्या.