जुन्या कागदातले ब्रिटिश-आयरिश गाव आजच्या नकाशावर कसे शोधावे

पुणे-खडकीच्या छावण्यांतील जुन्या ख्रिस्ती दफनभूमींमध्ये, मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा-विवाहांच्या नोंदींमध्ये किंवा विलायतेत स्थायिक झालेल्या नातलगाच्या जुन्या पत्त्यात तिकडच्या एखाद्या गावाचे आणि काउंटीचे, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचे, नाव येते. ते शोधू गेले की एक तर सापडतच नाही, किंवा त्याच नावाची पाच गावे समोर येतात. अशा वेळी बहुतेक जण गावाच्या नावामागे लागतात. माझ्या मते आधी साल पक्के करावे, कारण तिकडची काउंटी ही कायम एका जागी बसलेली वस्तू नाही; तिच्या हद्दी, तिचे नाव आणि कधी कधी तिचे अस्तित्वसुद्धा काळानुसार बदललेले आहे.

सुरुवात नक्कल उतरवण्यापासून करावी. मूळ नोंदीतील अक्षरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत, चूक वाटली तरी सुधारू नये, आणि सोबत नोंदीचे साल व ती कशाची नोंद आहे हे टिपावे. ज्या गावांचे उच्चार लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर असे होतात, त्यांच्या इंग्रजी लेखनात मध्ये आणखी अक्षरे असतात, आणि ऐकून लिहिणारा कारकून ती गाळू शकतो. उलट आपल्या जुन्या मराठी लेखनात अक्षरांवरून ‘लिसेस्टर’ असे रूप आलेले दिसते. म्हणून शोध घेताना उच्चाराप्रमाणे आणि लेखनाप्रमाणे अशी दोन्ही रूपे वापरून पाहावीत. काउंटीचे नाव नसेल तर निष्कर्षाची घाई करू नये. न्यूपोर्ट हे एकच नाव घेतले तरी ते मॉनमथशर, श्रॉपशर, पेंब्रोकशर आणि आइल ऑफ वाइट येथे आहे, शिवाय आयर्लंडात मेयो आणि टिपरेरी येथेही आहे.

नाव फुटके किंवा पुसट असेल तर त्याचा शेवट वा आरंभ प्रदेश सुचवतो. ‘चेस्टर’, ‘कास्टर’ हे शेवट बहुधा रोमन छावणीच्या लॅटिन शब्दावरून आले आहेत. मँचेस्टर आणि लँकास्टर ही त्याची उदाहरणे होत. व्हिटबी, ग्रिम्सबी यांतील ‘बी’ हा नवव्या शतकात पूर्व व उत्तर इंग्लंडात वसलेल्या डॅनिश लोकांचा ‘गाव’ या अर्थाचा शब्द आहे, त्यामुळे असे नाव कॉर्नवॉलमध्ये शोधण्यात वेळ घालवू नये. ‘लॅन’ने सुरू होणारे नाव वेल्समधील चर्चभोवतीच्या वस्तीचे असण्याची शक्यता मोठी. ‘इन्व्हर’ म्हणजे स्कॉटलंडमधील नदीचे मुख, जसे नेस नदीच्या मुखाशी इन्व्हरनेस. ‘बॅली’ आणि ‘किल’ आयर्लंडात पावलोपावली भेटतात. त्यातील ‘बॅली’ हा बहुधा ‘बाले’, म्हणजे वस्ती, या आयरिश शब्दाचा आणि ‘किल’ हा बहुधा चर्चसाठीच्या शब्दाचा इंग्रजी अवतार आहे.

यानंतर काउंटीकडे वळावे. इंग्लंडच्या ३९ ऐतिहासिक काउंट्यांपैकी बहुतेक १०८६ च्या डूम्सडे पाहणीच्या, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजदादीच्या, वेळीच ओळखण्याजोग्या होत्या, आणि त्यांच्या नावातील ‘शर’ (म्हणजे काउंटीच) हा शब्द १०६६ च्या नॉर्मन विजयाच्याही आधीचा आहे. त्या सलग मात्र नव्हत्या. एका काउंटीचे तुकडे दुसऱ्या काउंटीच्या पोटात असत. १८४४ च्या कायद्याने असे पुष्कळसे तुकडे भोवतालच्या काउंटीत घातले, तरी सगळे नाही. डडली हे त्याचे ठळक उदाहरण. हे शहर चारही बाजूंनी स्टॅफर्डशरने वेढलेले असूनही वुस्टरशरचे होते. १९६६ मध्ये ते स्टॅफर्डशरमध्ये गेले आणि १९७४ पासून वेस्ट मिडलंड्समध्ये आहे. म्हणजे डडलीत १९५० साली जन्मलेल्या माणसाच्या हयातीत, घर न बदलता, काउंटी दोनदा बदलली. त्याच्या निरनिराळ्या कागदांवर तीन काउंट्या दिसल्या तर ती तीन माणसे समजू नयेत.

दोन तारखा पाठ असाव्यात. १ एप्रिल १९६५ रोजी बृहद् लंडन अस्तित्वात आले आणि मिडलसेक्सची काउंटी परिषद संपली. वेम्ब्ली, हॅरो ही त्यापूर्वीची मिडलसेक्सची गावे. टपालाच्या पत्त्यात मात्र मिडलसेक्स पुढे अनेक वर्षे टिकले, म्हणून १९८० च्या पाकिटावर ते नाव दिसले तर नवल नाही. दुसरी तारीख १ एप्रिल १९७४. त्या दिवशी स्लाव बकिंगहॅमशरमधून बार्कशरमध्ये आणि बोर्नमथ हॅम्पशरमधून डॉर्सेटमध्ये गेले, कंबरलंड व वेस्टमोरलंड कंब्रियात विलीन झाले, आणि एव्हन, हंबरसाइड, क्लीव्हलंड अशा नव्या काउंट्या निघाल्या, ज्या १९९६ मध्ये मोडल्याही गेल्या. चिमुकले रटलंड १९७४ मध्ये गेले आणि १९९७ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाले. स्कॉटलंडमधील मोठा बदल १९७५ आणि १९९६ चा. तिथे एक फसवी जागा आहे: बेरिक-अपॉन-ट्वीड हे शहर १४८२ पासून इंग्लंडकडे आहे, तर त्याच्याच नावाची बेरिकशर ही काउंटी स्कॉटलंडमध्ये.

आयर्लंडचे काम अधिक नाजूक आहे, आणि तिथे जास्त वेळ द्यावा लागतो. चार प्रांत आणि ३२ काउंट्या ही तिथली जुनी चौकट असून १९२१ च्या फाळणीनंतर त्यांपैकी ६ उत्तर आयर्लंडमध्ये आणि २६ दक्षिणेकडे राहिल्या. ‘अल्स्टर’ म्हणजे उत्तर आयर्लंड असे धरून चालू नये. अल्स्टर प्रांताच्या ९ काउंट्यांपैकी डॉनिगॉल, कॅव्हन आणि मॉनहन या तीन दक्षिणेकडच्या राज्यात आहेत. काउंटीखाली बॅरनी (काउंटीचा विभाग), पॅरिश (मूळचा चर्चचा विभाग) आणि सर्वांत लहान असे टाउनलँड येते. आपल्याकडे शेतजमिनीच्या कागदात ‘मौजे’चे जे महत्त्व, तेच तिथे टाउनलँडचे. त्यांची संख्या ६० हजारांहून अधिक आहे आणि माणूस नेमका तिथेच सापडतो.

समजा, नोंदीत ‘फिलिप्सटाउन, किंग्ज काउंटी, १८५४’ असे आहे. आजच्या नकाशावर ही दोन्ही नावे नाहीत. किंग्ज काउंटी आणि शेजारची क्वीन्स काउंटी या सोळाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या मेरी राणीच्या राज्यात आखल्या गेल्या. फिलिप्सटाउन हे नाव तिचा नवरा फिलिप याचे आणि क्वीन्स काउंटीतील मेरीबरो हे तिचे. ज्यांच्याकडून जमीन हिरावली, त्यांच्या वस्तीवर राज्यकर्त्यांची नावे चढवली गेली, ही गोष्ट शोध घेताना विसरू नये. स्वातंत्र्यानंतर ती नावे उतरली: किंग्ज काउंटीची ऑफली, क्वीन्स काउंटीची लीश, मेरीबरोचे पोर्टलीश आणि फिलिप्सटाउनचे डँगन झाले. डँगन म्हणजे किल्ला, आणि तो ओकॉनर घराण्याचा होता. याच न्यायाने क्वीन्सटाउन म्हणजे आजचे कोव्ह बंदर आणि किंग्जटाउन म्हणजे डन लीरी. अशा जोड्या ‘लोगअनम’ या आयरिश स्थळनामांच्या डेटाबेसमध्ये विनामूल्य मिळतात. उत्तर आयर्लंडमधील एकाच शहराच्या डेरी आणि लंडनडेरी या नावांपैकी कोणते वापरावे हा तिथे आजही जिव्हाळ्याचा आणि दुखरा विषय आहे. शोधताना दोन्ही टाकावीत.

गाव ओळखल्यावर जुना नकाशा पाहिल्याशिवाय थांबू नये. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे मैलाला सहा इंच मापाचे नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पारदर्शक करता येतात, आणि बुजलेली गिरणी किंवा उखडलेला रेल्वेमार्ग हळूहळू वर येताना दिसतो. आयर्लंडचे पहिले सहा इंची नकाशे १८३० व १८४० च्या दशकांतले, म्हणजे १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने उजाड झालेल्या पुष्कळ वस्त्या त्यांवर अजून नांदत्या आहेत.

दप्तर कुठे असेल याचाही विचार सालावरूनच करावा, कारण कागद सहसा जुन्या काउंटीच्या अभिलेखागारात राहतात. मिडलसेक्सचे लंडनच्या अभिलेखागारात आहेत. आयर्लंडची १८२१ ते १८५१ ची बहुतेक जनगणनापत्रके १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील आगीत जळाली आणि १८६१ ते १८९१ ची त्यापूर्वीच सरकारने नष्ट केली होती. म्हणून १९०१ आणि १९११ ची पत्रके पाहावीत, आणि त्यामागे जायचे असल्यास १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथ यांचे मालमत्ता-मूल्यांकन पाहावे. आपल्या उदाहरणातील १८५४ च्या माणसाच्या ताब्यात घर वा जमीन असेल, तर तो त्यात टाउनलँडसह सापडण्याची चांगली आशा आहे. सापडल्यावर वंशावळीत जुने नाव खोडून नवे लिहू नये. ‘फिलिप्सटाउन, किंग्ज काउंटी, आजचे डँगन, काउंटी ऑफली’ अशी पूर्ण ओळ, सालासकट लिहावी.