तलावपाळीचं चित्र: आधी डाग मांडा, तपशील नंतर

समतोल, लय, विरोध, प्रमाण, प्राबल्य, एकसंधता. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला बसलेल्या पोरांना चित्ररचनेच्या तत्त्वांची ही यादी तोंडपाठ असते. तरी ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी, म्हणजे तलावपाळीला, वही उघडली की बोटी, झाडं, दिवे, गाड्या सगळं सारख्याच जोराने काढतात.

उन्हं कलल्यावर जा. विषय एकच धरा: पाण्यातलं देऊळ किंवा काठाच्या बोटी. दोन्ही नकोत.

कागदाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या चार-पाच चौकटी आखा. डोळे किलकिले करून पाहा. उरतील त्या गडद, मधल्या आणि उजळ अशा तीनच छटा सपाट डागांनी भरा. पानं, खिडक्या काढायच्या नाहीत. ‘फोटो काढू, घरी बघू’ हा सल्ला तर ऐकूच नका. फोन बरेचदा सावल्या उजळवतो आणि नेमके गडद डागच पळवतो.

आता तोल. मी सगळ्यात जास्त इथेच अडले. देऊळ मधोमध आणि दोन्हीकडे झाडं, हाही समतोलच. पण तो मखराला शोभतो. उघड्या दृश्यात विषम समतोल हवा. डावीकडे झाडीचा मोठा, मधल्या छटेचा डाग असेल, तर उजवीकडे छोटासाच पण कडक विरोधाचा डाग पुरतो: गडद पाण्यावर उजळ देऊळ. विरोध जितका तीव्र आणि डाग मध्यापासून जितका लांब, तितकं त्याचं नजरेला जाणवणारं वजन जास्त. तृतीयांशाच्या रेघा (चौकटीचे आडवे-उभे तीन समान भाग करणाऱ्या) डाग कुठे ठेवायचा ते सांगतात, त्याचं वजन सांगत नाहीत. म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

अंगठ्याने छोटा डाग झाकून बघा. चित्र डावीकडे कलंडलं, तर डाग बरोबर बसलाय. फरकच पडला नाही, तर झाडी कापा किंवा देवळामागचं पाणी आणखी गडद करा. आणि कृपा करून मोकळं पाणी लाटांच्या रेघोट्यांनी भरू नका! ती रिकामी जागाच देवळाकडे नजर नेते.

विषय बोटींचा घेतला असेल, तर लयीसाठी त्यांच्यामधली अंतरं कमीजास्त ठेवा. प्रमाण कळायला काठावर एक माणूस बास.

जमलेली चौकट मोठी करताना तिचा कर्ण तसाच पुढे वाढवा आणि मोठ्या चौकटीचा कोपरा त्याच रेषेवर घ्या. लांबी-रुंदीचं नातं बदललं, की जमवलेला तोल पुन्हा बिघडतो. रंग मग हवे ते वापरा, फक्त छटा छोट्या चौकटीतल्याच ठेवा.