घरच्या कॉम्प्युटरला स्वस्तात इंटरनेट जोडताय? या चुका टाळा

नेट स्लो झालं की लोक आधी प्लॅन वाढवतात. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या दहा-पंधरा फुटांत काय गोंधळ आहे ते बघायची तसदी कुणी घेत नाही. मग दरमहा जादा पैसे जातात आणि नेट होतं तिथंच राहतं. पहिल्या दिवशी घाईत झालेली चूक वर्षभर बिलात भरावी लागते.

केबल चालतेय, म्हणजे ठीकच असणार

सगळ्यात जास्त पैसे वाया घालवणारी चूक हीच. नमुन्यादाखल एका घरातला प्रकार बघा. ३०० एमबीपीएसचं (सेकंदाला ३०० मेगाबिट) फायबर घेतलं. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. भिंतीतून आधीच टाकलेली एक केबल होती, तीच जोडली. स्पीड टेस्ट केली, आकडा आला ९४. कस्टमर केअरने राउटर बंद करून चालू करायला सांगितला. पुन्हा ९४. मग ५०० चा प्लॅन घेतला, तरी ९४. शेवटी महागडा राउटर आणला, आकडा हलला नाही तो नाहीच.

खरं तर हा आकडाच सगळं सांगत होता. वायफायमुळे स्पीड कमी असेल तर तो सतत वरखाली होतो. कंपनीकडे गर्दी असेल तर संध्याकाळी पडतो आणि पहाटे सुधारतो. पण रात्रंदिवस ९३ ते ९५ च्या मध्येच अडकलेला आकडा दिसला, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा सांधा आहे असं खुशाल समजावं. वरचे पाच-सहा एमबीपीएस डेटाच्या वेष्टनातच जातात.

कारण साधं आहे. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. त्या घरात पूर्वी वायरिंग करणाऱ्याने एकाच केबलमध्ये दोन कामं उरकली होती: चार तारा नेटला, उरलेल्या टेलिफोनला. पण सगळीकडे असंच असेल असं नाही. पिन ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार आत तुटली किंवा क्रिंप करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, नीट टोचली गेली नाही, तरी दोन्हीकडची यंत्रं बहुधा गुपचूप १०० वर उतरतात. एरर येत नाही, पोर्टचा लाइट लुकलुकतो, नेट चालतं. म्हणून हा दोष वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासायला अर्धं मिनिट पुरे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. तिथं लिंक स्पीड लिहिलेला असतो. १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप राउटरजवळ न्या आणि छोट्या, खात्रीच्या केबलने थेट जोडा. आता १००० आले तर दोष भिंतीतल्या केबलचा. तिची दोन्ही टोकं कापून नवे कनेक्टर बसवा. दोन्हीकडे एकच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. तारा सरळ दिसाव्यात म्हणून दोन-दोन इंच पीळ सोडणारे लोक आहेत, त्यांच्या हातात क्रिंपिंगचं हत्यार देऊ नये.

छोट्या केबलनेही १००च आले तर राउटरचे पोर्ट बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० छापलेलं असतं, ती वायफायच्या दोन्ही बँडची कागदावरची बेरीज. अशा कित्येक स्वस्त राउटरचे पोर्ट मात्र १०० चेच असतात. घेण्याआधी तांत्रिक माहितीत पोर्टपुढे १०/१००/१००० आहे का तेवढं वाचा. फक्त १०/१०० असेल, तर ३०० चा प्लॅन घेऊन उपयोग नाही.

नवी केबल घ्यायची असेल तर कॅट-५ई दर्जाची पुरते, गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत. फक्त ती निखळ तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिची तार वळणावर लवकर मोडते आणि तिचा रोधही जास्त असतो.

आणि हो, तुमचा प्लॅनच ५० किंवा १०० चा असेल तर यातलं काही करू नका. १०० चा सांधा त्याला पुरेसा आहे.

एमबीपीएस आणि एमबीची गल्लत

१०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, कारण एका बाइटमध्ये आठ बिट. डाउनलोडच्या खिडकीत ११ एमबी दिसलं म्हणून तक्रार करणारे रोज भेटतात. ८ ने भागायला शिका.

एका कॉम्प्युटरसाठी अवाढव्य प्लॅन

एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. एक-दोन माणसांच्या घराला ३० ते ५० एमबीपीएस आरामात पुरतात. विचारायची गोष्ट वेगळीच असते आणि ती कुणी विचारत नाही: अपलोड, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या डेटाचा वेग, किती? जुन्या टेलिफोन लाइनवरच्या एडीएसएलला अपलोड बहुधा १ एमबीपीएसच्या आसपास मिळतो. घरून मीटिंग करणाऱ्याचा चेहरा समोरच्याला गोठलेला दिसतो तो यामुळे. फायबर मिळत असेल तर त्याचा सगळ्यात छोटा प्लॅन घ्या, असं माझं सरळ मत आहे. वर्षभराचे पैसे एकदम भरून सवलत घेण्याची घाई नको. आधी एक महिना घ्या आणि संध्याकाळी आठ ते दहा या वेळात केबल लावून मोजा.

फोनचं हॉटस्पॉट हे फुकटचं नेट

कॉम्प्युटर अधूनमधून लागत असेल तर हॉटस्पॉट हा खरोखर सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. पण फोन डेटा जपून वापरतो, कॉम्प्युटर तसं करत नाही. त्याला वाटतं की वायफाय मिळालं म्हणजे घरचं ब्रॉडबँड मिळालं. लगेच विंडोज अपडेट उतरायला लागतात, क्लाउडमधले फोटो सिंक होतात, गेमचा लाँचर जागा होतो. दिवसाला २ जीबी मिळत असतील आणि २० एमबीपीएसची रेंज असेल, तर सगळा कोटा साधारण १३-१४ मिनिटांत संपतो. तुम्ही एखादी वेबसाइट उघडलीत तेवढीच.

उपाय म्हणजे त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मीटर्ड कनेक्शन चालू करणं, म्हणजे इथं डेटा मोजून मिळतो असं विंडोजला सांगणं. हे बरेच जण करतात आणि मग पुढची गोम त्यांना कळत नाही. ही सेटिंग प्रत्येक नेटवर्कला वेगळी असते. उद्या तुम्ही वायफायऐवजी यूएसबी टेदरिंग वापरलंत, म्हणजे फोन केबलने जोडून त्याचं नेट घेतलंत, तर विंडोजला ते नवं इथरनेट दिसतं आणि तिथं मीटर्ड बंदच असतं. काल जपलेला डेटा आज सकाळीच संपतो. म्हणून यूएसबी लावल्यावर इथरनेटच्या पानावर जाऊन तीही कळ एकदा दाबा. क्लाउडचा सिंक हातानेच थांबवा, त्यासाठी मीटर्डवर भरवसा ठेवू नका.

यूएसबी टेदरिंगची सवय मात्र चांगली. फोन चार्ज होत राहतो आणि फोन ते कॉम्प्युटर हा वायफायचा टप्पा वाचतो. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने टेदरिंगचा पर्याय करडाच राहतो. फोन खिडकीपाशी ठेवा. सेटिंग्जमधली सिग्नल स्ट्रेंग्थ बघा: उणे ८५ डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ११० च्या खाली गेली तर जागा बदला. कांड्या बघून ठरवू नका, त्या प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने दाखवते.

नखाएवढा वायफाय डोंगल मागच्या पोर्टमध्ये

डोंगल म्हणजे कॉम्प्युटरला वायफाय देणारा यूएसबीचा तुकडा. तो कुठे असतो? पत्र्याच्या कॅबिनेटमागे, भिंतीला टेकून, शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन लावून डोंगल टेबलावर आणा. नवा घेत असाल तर ५ गिगाहर्ट्झ चालणाराच घ्या.

स्वतःचा दुसरा राउटर कसाही जोडणं

कंपनीच्या यंत्राची केबल नव्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडायच्या) खुपसली की घरात दोन डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणारे, होतात. कॉम्प्युटरला कधी याच्याकडून पत्ता मिळतो, कधी त्याच्याकडून. नेट कधी चालतं, कधी नाही. केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट घ्यायच्या) लावा आणि नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.५०.१ करून टाका. फक्त वायफाय वाढवायचं असेल तर त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे तो पत्ते न वाटता नुसतं वायफाय देईल.

किरकोळ, पण रोजच्या

राउटर कपाटात किंवा टीव्हीमागे ठेवू नका. फायबरची हिरवी आणि निळी टोकं एकमेकांना जोडू नका. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. फायबर कोपऱ्यात काटकोनात मुडपू नका. भूस्थिर उपग्रहाच्या नेटवर गेम खेळायचं विसरा: तो सुमारे ३५,८०० किलोमीटर वर असतो, जाऊन-येऊन अर्धा सेकंद नुसत्या प्रवासातच जातो.

न तपासताच कस्टमर केअरला फोन

क्रम ठरलेला ठेवा. ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथं येतं त्या कंपनीच्या यंत्रावर, एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये; विंडोजमध्ये काही शोधू नका, थेट तक्रार करा. दिवा ठीक असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा, कॉम्प्युटरचा नेटवर्क पत्ता दिसेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, केबल आणि राउटर बघा. पत्ता बरोबर असेल तर डीफॉल्ट गेटवे म्हणून दिसणाऱ्या पत्त्याला (तो तुमचा राउटर) पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते बघा (ping आणि पुढे पत्ता), मग इंटरनेटवरच्या गूगलच्या ८.८.८.८ ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. पहिलं अडलं तर दोष घरातला. दुसरं अडलं तर राउटरपलीकडचा, तेव्हा फोन करा. फक्त नावालाच अडलं तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, बिघडलाय; राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ टाका, फोन करायची गरज पडणार नाही.