ऑटोकॅडची स्टार्टअप लिस्प लिहिताना या चुका टाळा

रोज ऑटोकॅड (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) उघडल्यावर तेच ओस्नॅप (रेषांवरचे नेमके बिंदू पकडायची सोय), तेच लेयर परत परत सेट करायचा वैताग आला की माणूस स्टार्टअप लिस्पकडे, म्हणजे ऑटोकॅड उघडताच आपोआप चालणाऱ्या लिस्प भाषेतल्या छोट्या प्रोग्राम फाईलकडे, वळतो, आणि वळावंच, वेळ खरंच वाचतो. फक्त एक लक्षात ठेवा, ही फाईल तुम्हाला न विचारता चालते, म्हणजे तिच्यातली चूकही न विचारताच चालते.

सगळ्यात जास्त गोंधळ दोन नावांचा होतो. अ‍ॅकॅड डॉट एलएसपी मुळात एकदाच लोड होते, पहिल्या ड्रॉइंगला, आणि अ‍ॅकॅडडॉक डॉट एलएसपी प्रत्येक ड्रॉइंग उघडताना. "पहिल्या फाईलमध्ये कमांड चालते, दुसरी उघडली की अननोन कमांड" असं होत असेल तर तुमचा कोड चुकीच्या फाईलमध्ये आहे, अ‍ॅकॅडडॉकमध्ये हलवा. आणि नावात वर्षाचा आकडा असलेल्या ज्या लिस्प फाईली सॉफ्टवेअरबरोबर येतात (अ‍ॅकॅड२०२४डॉक वगैरे) त्यांना हात लावू नका, त्या ऑटोडेस्कच्या स्वतःच्या आहेत.

आता व्हायरस, आणि हे मी पोटतिडकीने सांगतोय. क्लायंटकडून झिप आली, त्यात ड्रॉइंगसोबत एखादी अ‍ॅकॅड डॉट एलएसपी किंवा अ‍ॅकॅड डॉट एफएएस (लिस्पचंच कंपाइल केलेलं रूप) दिसली तर आधी ती बाजूला काढा. २०१२ मध्ये मेड्रे नावाचा वर्म असाच पसरला, मुख्यतः पेरू देशात, आणि तो लोकांची ड्रॉइंग गुपचूप चीनमधल्या ईमेलवर पाठवत होता. लोकं काय करतात, सिक्युअरलोडची (भरवसा नसलेल्या फोल्डरमधला कोड लोड होताना इशारा देणारी सेटिंग) वॉर्निंग सारखी येते म्हणून ते ० करून टाकतात, म्हणजे घराचं दारच काढून ठेवल्यासारखं झालं. ते १ वरच राहू द्या, आपल्या लिस्पसाठी एक वेगळं फोल्डर करा, तेवढंच ट्रस्टेडपाथ्समध्ये (भरवशाच्या फोल्डरांची यादी) टाका, अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स कधीच नको. ते फोल्डर सपोर्ट सर्च पाथमध्येही (ऑटोकॅड जिथे फाईली शोधतं ती यादी) टाका. एकाच नावाच्या दोन फाईली असतील तर जी आधी सापडते तीच लोड होते, दुसरी नाही, म्हणून शंका आली की कमांड लाईनवर फाइंडफाईल वापरून कुठली उचलली जातेय ते बघा. मी एकदा अख्खी दुपार एक फाईल सुधारत बसलो होतो आणि ऑटोकॅड वाचत होतं भलतीच जुनी कॉपी, दुसऱ्या फोल्डरमधली.

अ‍ॅकॅड किंवा अ‍ॅकॅडडॉकमध्ये कमांड फंक्शन (लिस्पमधून ऑटोकॅडची कमांड चालवणारं) थेट लिहू नका, कारण तेव्हा ड्रॉइंग पूर्ण तयार झालेलं नसतं, ते एस कोलन कोलन स्टार्टअप या, ड्रॉइंग तयार झाल्यावर आपोआप चालणाऱ्या फंक्शनच्या आत टाका. पण ते नाव एकच असतं हं, दुसऱ्या कुठल्या टूलनेही तेच लिहिलेलं असेल तर नंतर आलेलं आधीचं पुसून टाकतं.

ऑस्मोड (ओस्नॅपची सेटिंग) ० करून काम करणारी लिस्प मध्येच एस्केप दाबून थांबवली की स्नॅप गायब, आणि ऑस्मोड ड्रॉइंगमध्ये नाही तर विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) सेव्ह होतं, त्यामुळे पुढच्या ड्रॉइंगलाही गायबच. म्हणून जुनी व्हॅल्यू आधी धरून ठेवायची आणि एरर फंक्शनमध्ये (लिस्प मध्येच थांबली की चालणारं) परत लावायची, हे आळस न करता प्रत्येक लिस्पमध्ये करा.

बारीकसारीक चुका पण खूप छळतात: पाथमध्ये एकच बॅकस्लॅश (दोन लागतात, नाहीतर साधा फॉरवर्ड स्लॅश वापरा), नोटपॅडने शेवटी टीएक्सटी चिकटवलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केल्यामुळे आलेले वाकडे कोट.

आणि काहीच सुचत नसेल तर शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी स्लॅश सेफमोड लिहून ऑटोकॅड चालू करा, त्यात कुठलीच लिस्प लोड होत नाही. तिथे सगळं नीट चाललं तर दोष बहुधा आपल्याच कोडमध्ये. मग फाईलचा बॅकअप घ्या, अर्ध्या ओळींपुढे सेमीकोलन टाकून त्या बंद करा (कंसाची जोडी तुटू देऊ नका), परत नेहमीसारखं उघडून बघा, असं अर्धं अर्धं करत गेलं की चुकीची ओळ सापडते.